सुमीच्या रक्ताचं रीडिंग

भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही, आणि तेव्हा तर मी सायंटिस्ट होते! शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या लॅबमध्ये कामाला होते. हृदयाच्या कृत्रिम झडपेसाठी असं प्लास्टिक बनवायचं, की त्याला लागून रक्त साकळणार नाही. विठ्ठलवाडीहून निघताना पांढरा कोट घालूनच रिक्षात बसायचे — लोकांनी डॉक्टर समजावं म्हणून. अतिशहाणी!

धाकटी बहीण सुमी खरवईला दिलेली. तिची झडप खराब झाली होती. डॉक्टर म्हणाले, धातूची बसवू. मीच आडवी आले. "थांब गं वर्षभर. त्या झडपेला जन्मभर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या लागतात. आमची येतेय ना!"

ती थांबली.

एक दिवस सकाळी दहाला लॅबमध्ये हजर. "ताई, सगळ्यांचं रक्त घेतेस, मीच काय घोडं मारलंय?" नर्सने थोडं काढलं. साध्या काचेच्या नळीत ते आठ मिनिटांत साकळलं, म्हणजे रक्तात वेगळं काही नव्हतं. आतून आमचं प्लास्टिक लावलेल्या नळीत इतरांचं बारा मिनिटं टिकायचं. सुमीचं... अर्धा तास, तास... नळी कलती केली की आपलं वाहतंय!

"बघ, तुला घाबरतंय," म्हणाली, आणि हसत घरी गेली.

तीन वाजून दहा मिनिटांनी नळी कलती केली... हललं नाही. पाच तास! मी वहीत आकडा लिहून खाली दोन रेघा मारल्या. शेजारच्या टेबलावरचे आहुजा ओरडले, "मॅडम, पार्टी!" त्यांनी उल्हासनगरहून आणलेलं दालपकवान मी उभ्या-उभ्या, नाचत खाल्लं.

अर्ध्या तासाने फोन आला. सुमी गेली. जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. तिच्या सासूबाई सांगत होत्या, "तीनचे ठोके पडल्यावर मला विचारलंन, ताईची नळी अजून वाहत असेल का हो?"

माझ्या बोटांना डाळ लागलेली होती अजून.

पुढे कितीदा तरी तेच प्लास्टिक, तशीच नळी, माझं स्वतःचं रक्त... बारा मिनिटांच्या वर एकदाही गेलं नाही. आमची झडप कधी झालीच नाही. धातूची बसवली असती तर... जाऊ दे.

नातू म्हणतो, "आजी, कोइन्सिडन्स." असेल बाबा. पण मग पाच तास ते कशासाठी वाहत राहिलं, हे तुमच्यापैकी कुणाला कळलं तर मला सांगा. मला नाही कळलं.