आधी झोप, मग भाकर

डिंडोलीतल्या आमच्या चर्चचे पाळक बायबल वाचायच्या आधी चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसतात आणि म्हणतात, "हं, चला." समोर कुणी जांभई दिली, तरी वाचन थांबवून त्याच्याकडे बघत राहतात. यंदा चर्चच्या वरिष्ठांनी आमची मराठी उपासना बंद करून हिंदी उपासनेत मिसळली. मोठा पडदा आला, स्पीकर आले आणि पाळकांकडे फक्त सूचना वाचायचं काम उरलं. मी संतापून निषेधाचं पत्रक लिहून नेलं. त्याकडे न बघताच ते म्हणाले, "राहू दे पोरी. नाताळानंतर मी सेवा सोडतोय."

त्याच आठवड्यात शुक्रवारी शेजारच्या नवागामला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या एकाच्या घरी प्रार्थना होती. वाचन एलीयाचं होतं. थकलेला संदेष्टा झाडाखाली पडून देवाकडे मरण मागतो. तेवढ्यात दोन पाळ्या करून आलेला घरधनी भिंतीला टेकून घोरू लागला. बायकोनं त्याला ढोसलं, "अहो, उठा ना! पाळकसाहेब वाची राह्यनात!"

"झोपू द्या त्याला," पाळक म्हणाले. पुढच्या ओळी त्यांनी मनातल्या मनात पुन्हा वाचल्या. "देव एलीयावर रागावला नाही, बघा. आधी झोपू दिलं, मग भाकर दिली. काम नंतर सांगितलं." त्यांनी झोपलेल्या घरधन्याकडे पाहिलं. "आणि मी लोकांना उठवत बसलो."

घरधनी जागा झाल्यावर त्याच्या शेजारी बसून ते जेवले. भाकरी मागून घेतली.

निघताना त्यांनी विचारलं, "पुढच्या शुक्रवारी कुणाकडे? वाचन मराठीतच होईल."

"आणि नाताळानंतर?" मी विचारलं.

ते चष्मा पुसू लागले. "नाताळानंतरही शुक्रवार येतातच की, पोरी."