वाळूवरची पावलं

खेळून झालं की फोरमन मागे वळून वाळूतले स्वतःच्या पावलांचे ठसे पुसायचा. उभी जवानी त्याने आखातात फोरमनकी करत काढली. तिथल्या कंपनीच्या वसाहतीत गोल्फ वाळूवरच चालायचा. गवत नाही, म्हणून हिरव्या गालिच्याचा एक तुकडा बगलेत मारून हिंडायचं; चेंडू थांबेल तिथे तो अंथरायचा आणि त्यावरून पुढचा फटका मारायचा. शेवटी चेंडू भोकात गेला की भोवतालची वाळू सारखी करून निघायचं. "मागच्याला आपला पाय दिसता कामा नये," असं तो म्हणायचा. सांडोरला, आपल्या गावी, कायमचा परतला तेव्हा तो गालिचाही बरोबर आला.

मनवेलपाड्यात फरशांचा धंदा मी शून्यातून उभा केला. तिथे तो टाइल्स घ्यायला आला आणि तासभर भांडला. भांडणारं गिऱ्हाईक मला आवडतं. पुढे ओहोटीच्या वेळी कळंबच्या किनाऱ्यावर त्याने मला खेळ शिकवला. कमी फटक्यांत चेंडू भोकात घालील तो जिंकला; मी तिथेही घासाघीस करायचो.

"सहा कसले? पाच धर."

"शेट, हे तुमचं दुकान नाय. सहा म्हंजे सहा."

इतक्या वर्षांत एक फटका त्याने मला कधी सोडला नाही.

राजस्थानला जाऊ, हे त्यानेच काढलं. "वाळवंट आयुष्यभर पाहिलं, पण त्यात नदी कधी दिसली नाय. लुणीच्या पात्रात खेळू." निघण्याआधीच डॉक्टरांनी त्याच्या आजारापुढे हात टेकले होते. हे त्याला ठाऊक, त्याच्या मुलीला ठाऊक. गाडी माझी, शेजारी बसून चार दिवस बडबड ऐकणारा मी, आणि मलाच ठाऊक नाही. हा राग अजून उतरलेला नाही.

वाटेत तो दोन घास खाऊन ताट सरकवायचा. एका ढाब्यावर मी मालकाची कॉलर धरली, "काय मिठागर ओतलंस डाळीत? माझा माणूस उपाशी उठला!"

फोरमनने माझा हात सोडवला. "शेट, डाळ चांगली हाय. माझंच पोट आळशी झालंय." मी विश्वास ठेवला. माल बघताक्षणी खोट ओळखणारा मी.

लुणी वरच्या अंगाला गोड्या पाण्याची, बालोतरा सोडलं की खारी होत जाते, असं तिथले लोक सांगतात. आम्ही खाली गेलो तेव्हा पाणी नव्हतंच. कोरड्या पात्रावर मिठाची पांढरी साय धरली होती. डालड्याचा डबा वाळूत पुरून आम्ही भोक केलं. चेंडू डब्यात पडेपर्यंत मला सात फटके लागले.

"पाच," मी म्हणालो.

"बरं. पाच."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो गालिचा अंथरून त्यावर बसला होता. "आज तू पूस रे," म्हणाला. मी शिव्या देत पायाने वाळू सारखी केली आणि पालनपूर येईपर्यंत जिंकल्याच्या खुशीत गाडी हाकली. समोरचा पहिल्या भावाला हो म्हणाला, की तो परत दुकानाची पायरी चढणार नसतो. धंद्यात पोरांना हेच शिकवतो मी.

पावसाळ्याच्या तोंडावर तो गेला. सांडोरच्या दफनभूमीत त्याची मुलगी माझ्याजवळ आली. "काका, तुम्हाला सांगू नको, असं बाबा म्हणाले होते. म्हणाले, शेट वर जाऊन देवाशीही भाव करील, आणि तो पटेपर्यंत मला दारात ताटकळायला लागेल."

"केला असता!" मी ओरडलो. "तो कोण ठरवणारा?" फादर प्रार्थना म्हणता म्हणता थांबले. लोक बघायला लागले.

मी पुढे होऊन मूठभर माती टाकली. उकरलेली माती मऊ होती. काठावर माझे बूट खोल उमटले. त्याच्यासारखाच ते पुसायला पाय फिरवणार होतो, आणि थांबलो.

पुसले नाहीत. मागच्याला दिसू देत, कोण आलं होतं ते.