वाळवण उचलल्यावर

मी सिगार ओढते. हे डोंबिवलीत सांगितलं की समोरचा आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो, मग साडीकडे, आणि मग दबक्या आवाजात "बिडी का?" असं विचारतो. बिडी असती तर त्याला निदान समजून घेता आलं असतं. बिडी नाही, सिगारच. नवरा जहाजावर होता. सुट्टीवर आला की शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर बसून एकच सिगार आळीपाळीने ओढायचो. तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही, कारण लोकांच्या लेखी सिगार त्याची होती आणि मी नुसती शेजारी बसलेली होते. तो गेला, शनिवार मी चालू ठेवला, आणि अचानक सगळ्या बिल्डिंगला वास यायला लागला.

माझे नियम कडक आहेत. आठवड्याला एकच. घरात नाही, जिन्यात नाही. गच्चीवर पोरं खेळत असली तर नाही, दोरीवर कुणाचा साधा टॉवेल वाळत असला तरी नाही. वारा खाडीकडून येतो, म्हणून खुर्ची विरुद्ध टोकाला, ठाकुर्लीच्या बाजूच्या कठड्याशी. धूर जातो तो सरळ खालच्या रिकाम्या प्लॉटवर. राख करवंटीत, आणि करवंटी माझ्या घरी. चूळ भरल्याशिवाय कुणाशी बोलत नाही. एवढी पथ्यं मी बाळंतपणातही पाळली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचे पुरुष सिगरेटची थोटकं जिन्यातल्या कुंडीत खुपसतात, त्यांना मात्र कुणी नियम विचारत नाही.

उन्हाळ्यात गच्ची वाळवणाची. पापड, कुरडया, सांडगे, सगळ्या घरांचे एकत्र. कबुतरांवर आणि कावळ्यांवर लक्ष ठेवायला कुणीतरी लागतं, आणि रिकामी मीच. छत्री आणि काठी घेऊन दुपारभर बसायचं. त्याबदल्यात प्रत्येक घरातून राखणीचे म्हणून मूठभर पापड मिळतात, ही आमच्या बिल्डिंगची रीत. शेवटचं प्लास्टिक घडी होऊन खाली गेल्याशिवाय मी काडी पेटवत नाही, मग शनिवार असो की आणखी काही.

गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी जाहीर केलं, की त्यांच्या साबुदाण्याच्या पापड्यांना तंबाखूचा वास आला आणि त्यांची एकादशी मोडली. झालं! खाली पार्किंगमध्ये मीटिंग. सेक्रेटरी माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "काकू, गच्ची बंद करावी लागेल हो तुम्हाला. समजून घ्या ना, प्लीज."

माझं डोकं फिरलं. त्याच पापड्यांतला राखणीचा वाटा माझ्या डब्यात होता. वर गेले, तेल तापवलं, होत्या तेवढ्या सगळ्या तळल्या आणि गरमागरम खाली आणल्या. "घ्या, खा आणि वास सांगा." सगळ्यांनी घेतल्या. नाकं मुरडणाऱ्यांनी तर दोनदा घेतल्या. वास कुणालाच येईना. वहिनींनी पापडी नीट चावून खाल्ली आणि म्हणाल्या, "खाताना नाही येत हो. पण तुम्ही वर बसलेल्या दिसता ना, की मग मनात येतो."

सेक्रेटरीने लगेच तोडगा काढला. "काकू, ओढा तुम्ही, आमची काही हरकत नाही. फक्त टाकीच्या मागे बसत जा. प्लॉटपलीकडच्या बिल्डिंगमधून सगळं दिसतं, लोक विचारतात."

मी म्हटलं, "अरे, टाकी खाडीच्या बाजूला आहे. तिथे बसले तर सगळा धूर गच्चीभर पसरेल, कपड्यांवर येईल, वरच्या मजल्याच्या खिडक्यांत शिरेल."

"चालेल," तो म्हणाला. "येऊ दे थोडा." आणि आजूबाजूला माना हलल्या. वहिनींचीसुद्धा.

म्हणजे धूर चालत होता. मीच चालत नव्हते. इतकी वर्षं वाऱ्याची दिशा बघत बसले, त्याचा मला त्या क्षणी भयंकर राग आला. तरी आवाज न चढवता सांगितलं, "तुमच्या अंगावर धूर सोडायची मला लाज वाटते, बसलेली दिसायची नाही. खुर्ची कठड्याशीच राहील. उचलायची तर माझ्यासकट उचला."

कुणी उचलली नाही. या उन्हाळ्यात वहिनीच दारात आल्या. "राखणीला याल ना हो? कबुतरांनी नुसता उच्छाद मांडलाय." गेले. का नाही जाणार? पापडांशी माझं भांडण नव्हतं.

तो शनिवार होता. उन्हं उतरली, सगळ्यांनी आपापलं आवरलं. वहिनी मात्र एकेक पापडी उलटीपालटी करून बघत बसल्या, मुद्दामच. मी काडेपेटी हातात धरून थांबले. प्लास्टिकची घडी झाली तेव्हा विचारलं, "झालं का सगळं?"

"झालं," त्या म्हणाल्या, पण जिन्याच्या दाराशी उभ्याच राहिल्या. प्लॉटपलीकडच्या बिल्डिंगच्या बाल्कनीत दोघं-तिघं आले होते. मी खुर्ची त्यांच्याकडे तोंड करून नीट लावली, पदर सावरला, वारा खाडीकडूनच येतोय ना ते एकदा बघितलं, आणि सिगार पेटवली.