मागच्या सीटवरचा मेकॅनिक

गाडी आली की मेकॅनिक अंकल बॉनेटला हात लावत नसत. मागचं दार उघडून आत बसत आणि म्हणत, "चला सर, एक फेरी मारू. ब्रेक मागच्या सीटला कळतो."

गोखिवऱ्यातल्या त्यांच्या पत्र्याच्या गॅरेजमधून तुमच्यापैकी काहींनीही त्यांना असं मंत्र्यासारखं फिरवलं असेल.

माझी गाडी सोळा वर्षांची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला मी व्यायामासाठी दवाखान्यात नेत असे. एकदा मी ब्रेक दाबला आणि तिचा तोच गुडघा पुढच्या सीटवर आपटला. "यापुढे मी रिक्षाने जाईन," ती म्हणाली. रिक्षातून उतरताना ओठ घट्ट मिटून घ्यायची, पण माझ्या गाडीत बसायची नाही.

मी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून तज्ज्ञ झालो.

"अंकल, ब्रेकला मेटलचे पॅड टाका. घाटातसुद्धा गाडी जागच्या जागी थांबते."

"घाटात कधी गेलात?"

"गेलो नाही, पण वेळ आली तर…"

"वेळ आली की या."

त्यांनी चाक काढून ब्रेकच्या डिस्कवर अंगठा फिरवला. "ही झिजलीय. मेटल हिला अजून खाईल, वर सकाळी किंचाळेल. सिरॅमिक चांगलं, पण तुमच्या मॉडेलला अस्सल मिळत नाही. साधे ऑरगॅनिक घ्या. मऊ असतात, लवकर संपतात, पण हळू धरतात."

एवढा अभ्यास करून साधे पॅड! मी जरा रुसूनच फेरीला निघालो. पहिल्याच गतिरोधकाला नेहमीसारखा ब्रेक मारला. अंकल मागे सावरून बसले.

"सर, पॅड मी बदलले. पाय कोण बदलणार?"

मग आठवडाभर रोज संध्याकाळी ते मागे बसले. "रिक्षा तिकडे दिसतेय ना? आतापासून पाय ठेवा. तिला चिकटून कशाला थांबता?" पन्नाशीतला शिकाऊ म्हणून बायको गॅलरीतून हात हलवायची.

शेवटी ते स्वतःच आमच्या घरी आले. "माई, चला. मी पुढे बसतो. दुखलं तर मला ओरडा." आई बसली. परतल्यावर म्हणाली, "उद्या दहाला निघू."

आता गॅरेज बंद आहे. ते सांडोरला आपल्या वाडीत केळी बघतात. परवा आईला घेऊन त्यांना भेटायला गेलो. गाडी दारात थांबली. त्यांनी मागच्या काचेतून वाकून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आई गाढ झोपली होती.