चार कोअर, पाचवं काम

आमच्या घरात पावरलूम होते. बुऱ्हाणपुरात कुणाच्या घरी नव्हते म्हणा! शेडची रीत एकच होती: आपला माग आपणच चालवायचा. शेजारच्याचा धागा तुटून माग उभा असला आणि आपण हात बांधून बसलेलो असलो, तरी त्याला शिवायचं नाही. मी लहानपणी एकदा शिवलो, तर वडिलांनी सगळ्यांदेखत कानाखाली आवाज काढला. पुढे कॉम्प्युटरचं शिकून आलो, पण ती रीत काही डोक्यातून गेली नाही.

नोकरी लागली ती केळी पिकवायच्या एका गोदामात. शेठच्या मनात आलं, कचेरीतले चार जुने कॉम्प्युटर काढायचे आणि सगळं एकाच नव्या मशीनवर आणायचं. तेव्हा जिकडे तिकडे हेच खूळ होतं. त्या मशीनमध्ये चार कोअर, म्हणजे एकाच पेटीत बसून काम करणारे चौघे जण. कुठलं काम कुणाकडे द्यायचं हे ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः ठरवते. जो मोकळा दिसेल त्याच्याकडे पुढचं काम सरकवते. पण मला कुठला धीर! मी एकेक काम एकेका कोअरला बांधूनच टाकलं. पहिल्याला वजनकाटा, दुसऱ्याला तापमानाची नोंद, तिसऱ्याला गाड्यांच्या याद्या आणि चौथ्याला कॅमेरे. शेठ घरबसल्या मोबाइलवर कॅमेरे बघायचे आणि चित्र जरा अडकलं की फोनवर खेकसायचे. म्हणून कॅमेऱ्यांना 'रियलटाइम' हा सगळ्यांत वरचा मान देऊन टाकला.

मग पाचवं काम आलं. केळी पिकवायची खोली तापली की भोंगा वाजवायचा. कोअर तर चारच. म्हटलं, कॅमेरे काय, नुसते बघतात. बसवा भोंग्याला त्यांच्याच शेजारी. कॅमेरे बंद ठेवून एकदा वाजवून पाहिला. वाजला. मी खूश.

खोल्या सांभाळायला डोईफोडिया गावचे एक काका होते, पन्नाशी उलटलेले. तासातासाला दार उघडायचे, केळ्यांवर हात ठेवायचे आणि नुसत्या वासावरून सांगायचे, आज खोली गरम आहे. मी त्यांना शहाणपण शिकवलं. "काका, सारखी दारं उघडू नका, पिकवायचा गॅस जातो. आता भोंगा वाजला की मगच उठा." त्यांना पटलं नव्हतं, तोंडावर दिसत होतं. "तू शिकलेला, भाऊ. तू म्हणतोस तर बरोबरच असंल," म्हणाले.

मे महिन्यातल्या एका दुपारी थंड हवेचं मशीन बंद पडलं. मी शनवारा चौकात जेवायला गेलो होतो, हमाल मंडीत होते. काका एकटे दाराशी बसून भोंग्याची वाट बघत राहिले. मी परतलो तोवर दोन खोल्यांतली केळी शिजून गेली होती.

शेठनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "भोंगा वाजला होता ना?" मी नोंद उघडली. बारानंतर तापमान चढत गेलेलं स्वच्छ दिसत होतं. "वाजला असणारच," मी म्हटलं, "मशीन काही झोपत नाही, शेठ." मला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. काका पोराबाळांच्या शपथा घेत राहिले, "नाही हो वाजला, मी इथंच होतो!" शेठनी त्यांना उभ्या उभ्या काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज चारही कोअरचे, कोण किती कामात आहे ते दाखवणारे आलेख उघडले. चौथा वरपर्यंत भरलेला, बाकीचे तीन जवळजवळ रिकामे. कॅमेरे चौथा कोअर सोडतच नव्हते, आणि त्यांचा मान वरचा, म्हणून भोंग्याची पाळी कधी येतच नव्हती. तीन कोअर मोकळे बसले होते, पण त्यांनी भोंग्याला शिवायचं नाही, अशी बंदी मीच घातलेली. बाकी सगळं सुरळीत चालू, मग संशय तरी कुणाला येणार? दोन मिनिटांत बंदी उठवली, कॅमेऱ्यांचा मान उतरवला. तापमापकावर गरम चहाचा पेला टेकवला, तर भोंगा असा ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबली.

मला लाज वाटली, मरणाची वाटली. आणि खोटं कशाला सांगू, कुणाला कळलं नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. शेठना सांगायला दोनदा केबिनपर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून परत आलो. भित्रट मेला, दुसरं काय!

आठ-दहा दिवसांनी काका आपली चादर आणि डबा न्यायला आले. मला वाटलं, आता भांडतील. भांडले असते तर फार बरं झालं असतं. ते माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, एक विचारू? जळगावला जाऊन कान दाखवून आलो. डॉक्टर म्हणे, कान एकदम ठीक हायेत. पण मशीनमधी तर वाजल्याचं आहे, तू बी सांगतोस वाजला. म्हंजे त्या डॉक्टरलाच समजलं नसंल. आता इंदूरला दाखवू का?"

सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. केबिनचं दार उघडं होतं आणि आत शेठ बसलेले दिसत होते.

"दाखवा काका," मी म्हटलं, "इंदूरला चांगले डॉक्टर आहेत."

काकांनी मान हलवली, आणि पुढच्या आठवड्यात ते खरंच इंदूरला गेले.