पहिली पंगत

नऊ वर्षांनी जर्मनीहून कोल्हापूरला माहेरी आले, ती नेमकी जत्रेच्या दिवशी. मटणाच्या वासानं भूक खवळली, म्हणून सरळ पहिल्या पंगतीत जाऊन बसले. भाऊ सगळ्यांदेखत ओरडला, "ऊठ! गडीमाणसांची पंगत हाय ही. तिकडं जाऊन रीत इसरलीस व्हय?" पाहुणे हसले. तिकडे माझ्या हाताखाली पाच पुरुष काम करतात आणि इथे मला ताटावरून उठवलं. डोकंच फिरलं.

बायकांची पंगत शेवटी बसली. तोवर मटणाच्या फोडी संपल्या होत्या, आमच्या ताटात नुसता रस्सा आणि हाडकं आली. मी आईवरच उखडले, "पहाटेपासून चुलीपुढं तू मरतेस आणि मटण ह्यांच्या घशात! तुला काहीच कसं वाटत नाही?"

आईनं भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आम्ही तुझ्याकडं आलतो तवा बघितलं की. तुझ्या नवऱ्याचे दोस्त टेबलाला जेवत हुते आणि तू ओट्यापाशी उभ्यानं खात हुतीस. तिथं तुझा भाऊ न्हवता उठवायला."