अक्काची नवमी झाल्यावर

दुपारचं जेवण झाकून हेमलताबाई सतरंजीवर आडव्या होतात. जेवलं कोणीच नाही. पंखा फिरतो, डोळा लागतो, पुन्हा उघडतो. पलीकडच्या खोलीचं दार बंद आहे आणि आत त्यांची सून आहे, केतकी, सहावा सरत आलेली. काल सोनोग्राफीत निघालं की बाळाची कवटी तयारच झालेली नाही. जन्मलं तरी ते जगायचं नाही. आज संध्याकाळी दवाखान्यात दोन डॉक्टरीणबाई एकत्र येणार आहेत. केतकी आज गेली तर त्या दोघींच्या सहीने सुटेल. उद्या चोवीस आठवडे उलटले की कायद्याने प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे, आणि मंडळ कधी बसेल ते मंडळालाच ठाऊक. केतकीला जायचं आहे. तिचा नवरा निनाद म्हणतो, आईला विचारू. आणि आई डोळे मिटून पडल्या आहेत.

केतकी कशाला विचारेल? मागच्या आठवड्यात 'सोवनी मंडळी' या घरच्या ग्रुपवर कोणा रिकामटेकड्या पुतण्याने मतदान लावलं होतं: गर्भपाताला कायद्याची मुदत असावी का? आपल्या घरात मतांना काय तोटा! उचलली जीभ लावली टाळ्याला, आता जिभेच्या जागी बोट आलं एवढंच. हेमलताबाईंनीही चहा पिता पिता 'असावीच' दाबलं. कोणी काय दाबलं ते नावानिशी दिसतं, हे त्यांना माहीत नव्हतं. केतकीला दिसलं. कालपासून ती सासूशी बोललेली नाही.

डोळा पुन्हा लागतो.

"सरक गं जरा," कोणीतरी म्हणतं आणि सतरंजीवर टेकतं. कुमुदअक्का. थोरल्या जाऊबाई. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण हाताला हिंगाचा वास तोच.

"अहो अक्का, पंधरवडा संपला की. तुम्ही अजून इथेच?"

"जाऊ कशी? पोरीची तपासणी माझ्या नावावर लांबवलीस. डॉक्टरीण पाचव्यातच मागे लागली होती ना?"

"पितरांचे दिवस होते. म्हटलं, तुमची अविधवा नवमी होऊ दे, घट बसले की जाऊ."

"मी दोन घास खीर खायला येते, हेमे. मला पोरीच्या वाटेत कशाला उभी केलीस?"

हेमलताबाईंना राग येतो. मेलेल्या माणसाने घरी येऊन ऐकवावं म्हणजे काय! त्या उठून बसायला जातात तर खालची सतरंजी ओट्याएवढी उंच झालेली असते. ओट्यावर खिरीचं पातेलं आहे. पातेल्यापलीकडे भिंत नाही, लग्नाचा हॉल आहे, आणि हॉलच्या टोकाला फुलांच्या माळा सोडलेला झोपाळा हलतो आहे.

झोपाळ्यावर अक्का बसल्या आहेत. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पोट पुढे आलेलं. ते डोहाळजेवण हेमलताबाई लगेच ओळखतात. तेव्हा त्या नव्या नवरी होत्या.

"मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं, बाळाला डोकं नाही," अक्का झोका घेता घेता म्हणतात. "घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी मला इथे बसवलंच."

"मामंजी म्हणाले होते, चारचौघांत वाच्यता नको."

"मी वाटी उचलली. खाली काय निघालं गं?"

"पेढा."

"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू तेवढी खांबाआड रडत होतीस. बघितलं मी. पण रडून झोपाळा थांबतो का? तो धरावा लागतो."

हॉल माणसांनी भरलेला आहे. काका, आत्या, चुलत जावा, मतदान लावणारा तो पुतण्या. सगळ्यांचे हात वर. असावीच, नसावी, असावीच, असं सगळीकडून ऐकू येतं आणि झोपाळ्याकडे कोणी बघत नाही. हेमलताबाई बघतात. झोपाळ्यावर आता केतकी बसली आहे. तिच्या दंडाला मोगऱ्याचा बाजूबंद आहे, आणि समोर झाकलेल्या वाट्या मांडल्या आहेत.

त्या धावतात. "केतकी, थांब!" म्हणून हाका मारतात. पाय उचलतात तसा हॉल लांबत जातो. आत्या आडव्या येतात, म्हणतात, "आधी मत सांग." काका म्हणतात, "मत सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही." केतकीचा हात वाटीकडे जातो आहे.

"अक्का!" त्या ओरडतात. "मला अजूनही वाटतं, मुदत असावी. लोक काय, मोकाट सुटले तर मुली पाडतील!"

"वाटू दे की." अक्का आता अगदी कानाशी आहेत. "मला तरी कुठे कळतं? वाद घालायला जन्म पडलाय. पोरीची मुदत आज संध्याकाळी संपते, तिचं बोल."

"ती माझ्याशी बोलत नाही."

"मग तू बोल."

अक्का त्यांचा पदर ओढून घेतात, त्याला कशाची तरी गाठ मारतात, आणि दातांनी आवळतात. हिसका बसतो.

हिसक्याने हेमलताबाईंना जाग येते. पंखा फिरतो आहे. शेजारी सतरंजीवर केतकी झोपली आहे, भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन. ही कधी आली? त्या उठायला जातात आणि पुन्हा हिसका बसतो. त्यांच्या पदराचं टोक आणि केतकीच्या ओढणीचं टोक एकमेकांना बांधलेलं आहे. गाठ ओली आहे.

केतकी वळते. ती झोपलेली नव्हतीच. डोळे सुजले आहेत.

"तुम्ही झोपेत ओरडलात, आई. माझं नाव घेऊन. म्हणून आले." मग तिचं लक्ष गाठीकडे जातं. "ही तुम्ही बांधलीत?"

"नाही गं. तू?"

केतकी मान हलवते. हेमलताबाई गाठ सोडवायला बघतात. नख लागत नाही. मग त्या ते सोडूनच देतात आणि जे बोलायला कालपासून जीभ रेटत नव्हती ते बोलतात.

"माझ्यामुळे उशीर झाला, केतकी. आज मी येते तुझ्याबरोबर. आत सोडलं तर आतपर्यंत."

केतकीचा चेहरा वेडावाकडा होतो. "मला हवं होतं हो बाळ," ती म्हणते.

"माहीत आहे. मलाही हवं होतं."

बाहेरून निनादची हाक येते, "आई, उठलीस का? काय ठरवायचं?"

"ठरवायचं काही राहिलं नाही," हेमलताबाई सांगतात. "गाडी काढ."

त्या केतकीला हात देऊन उठवतात. चपला घालतानाही दोघींना एकदमच वाकावं लागतं.